तारीख काय?

सिलोनवरची ‘बिनाका गीतमाला’ खरखरायला लागली, की रेडिओच्या बरगडीत चापट मारून आवाज ताळ्यावर आणणारी आमची पिढी. त्यामुळे न्यू जर्सीच्या गणेशोत्सवात नात गाणार, आम्ही पुण्यात पहाटे साडेपाचला आंघोळी करून कॉम्प्युटरपुढे बसलेले, आणि पडद्यावर ‘जोडणी होऊ शकली नाही’ ही पाटी! हात आपोआप उठला.

‘अहो, तो रेडिओ नाही!’ ही ओरडली.

व्हीएलसी नावाचा हा प्लेअर. पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली आरंभलेला. चिन्ह म्हणजे रस्त्यावरचा नारिंगी शंकू. शंकू दिसला की पुढे खोदलेलं असणार, हे पुणेकराला काय सांगायचं?

मुलाला फोन लावला. ‘बाबा, राउटर बंद करून चालू करा.’ केला. ‘पत्ता तपासा.’ काना-मात्रेसकट तपासला. ‘फायरवॉल बघा.’ आता भिंत कुठे बघू?

तेवढ्यात ही म्हणाली, ‘कोपऱ्यात २००९ साल का हो दिसतंय?’

यंत्राच्या पोटातला रुपयाएवढा सेल संपून घड्याळ मागे गेलं होतं. पलीकडचा सर्व्हर ओळख म्हणून प्रमाणपत्र दाखवतो, त्यावर मुदतीच्या तारखा असतात. आमचं यंत्र २००९ सालात बसून म्हणत होतं, हे प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही! मग कडी काढतंय कशाला?

तारीख दुरुस्त केली. शंकू हटला. ऐकू आल्या त्या टाळ्या. गाणं संपलं होतं.

हिनं डोळे पुसले आणि त्यांत आपल्याही दोन टाळ्या मिसळल्या.