दहा रेघांचा शीण

संध्याकाळी सातला माझा जपानीचा वर्ग भरतो. निम्मी मुलं वाळूजच्या कारखान्यांतून जनरल शिफ्ट संपवून आलेली असतात. परवा एकानं बाकावर टेकता टेकता म्हटलं, "मॅडम, आज लई दमलो." मी धडा बाजूला ठेवला आणि त्याला त्याच्याच शब्दाचं अक्षर फळ्यावर काढून दाखवलं. त्सुकारेरु, म्हणजे दमणं. त्याची कांजी, म्हणजे चिनीतून जपानीत आलेलं अक्षर, दहा रेघांची.

वर एक छोटी उभी रेघ, तिच्याखाली आडवी, आणि आडवीच्या डाव्या टोकापासून खाली ओघळणारी तिसरी. मग डावीकडे बाहेरून दोन बारक्या: एक ठिपक्यासारखी, दुसरी खालून वर उचललेली. अक्षराला वरून आणि डावीकडून झाकणाऱ्या अशा भागाला जपानीत 'तारे' म्हणतात. मी मुलांना पडवी म्हणून सांगते: वर छप्पर, एका अंगाला भिंत, बाकी उघडं. ही पडवी आजाराची, 'यामाइदारे'. रोग, वेदना हे शब्दही हिच्याच आडोशाला राहतात. जुन्या चिनी चित्रात इथे बाज होती आणि तिच्यावर पडलेला माणूस. डावीकडच्या त्या दोन बारक्या रेघा म्हणजे त्या बाजेचं जे उरलं ते.

पडवीच्या आत पाच रेघांचं दुसरं अक्षर बसतं: कातडी. "म्हणजे कातडं सोलवटेपर्यंत काम केलं की थकवा, असंच ना मॅडम?" मागच्या बाकावरून प्रश्न आला. गोष्ट सुरेख होती, तरी मी हो म्हटलं नाही. कातडी तिथे मुख्यतः 'हि' या उच्चारासाठी आली आहे. 'तो' या अर्थाच्या कांजीतही हीच कातडी आहे, आणि तिचाही एक उच्चार 'हि'च. रचलेल्या गोष्टींवर कांजी शिकवण्याची पद्धत हल्ली फार आहे. आठवणीला काठी म्हणून त्या गोष्टी चालतील, पण अक्षराचा इतिहास म्हणून त्या मुलांच्या गळ्यात मारणं मला पटत नाही.

मी स्वतः हे अक्षर आधी मोबाइलवर शिकले. रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या 2136 कांजींपैकी एक. दिसलं की ओळखायचे, म्हणून येतं असं धरून चालले होते. मग एकदा वयस्कर जपानी पाहुण्यांबरोबर दुभाषी म्हणून अजिंठ्याला गेले. त्यांच्यातल्या एका आजींना चढ झेपेना, डोली केली. वर उतरल्यावर त्या चारही डोलीवाल्यांपुढे कमरेत वाकल्या आणि म्हणाल्या, "ओत्सुकारेसामा देशिता." डोलीवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई काय म्हणल्या?" जपानी कचेरीत हे शब्द दिवसभर कानावर पडतात, पण मराठीत आणायचे कसे? 'दमलात' म्हटलं तर चौकशी होते, 'आभार' म्हटलं तर त्यातला शीण निघून जातो. शेवटी म्हटलं, "तुम्हाला लई श्रम पडले, म्हणतात." त्यांच्यातला थोरला हसला. "श्रम कसले, कामच हे आमचं."

त्या रात्री घरी तो शब्द लिहायला बसले आणि पाचव्या रेघेनंतर हात अडला. पडवी उभी राहिली होती, आत काय ठेवायचं ते हाताला ठाऊकच नव्हतं.

मग चौकटीच्या वहीत पानंच्या पानं भरली. आपला हात शिरोरेषेचा. अक्षर वरच्या रेघेला टांगायचं, ही त्याची लहानपणापासूनची सवय. कांजी चौकटीच्या मधोमध तोल धरून उभी राहते. रेघ कुठे थांबवायची ते 'तोमे', कुठे झटका द्यायचा ते 'हाने', कुठे दाब सोडत निसटू द्यायची ते 'हराइ'. या अक्षराची दहावी रेघ म्हणजे उजवीकडे उतरणारी हराइ. घाई केली की ती मध्येच तुटते. परवा वर्गात सगळ्यात चांगली हराइ आली ती त्या दमून आलेल्या मुलाची.

मराठी शब्द कोणता लिहायचा, असं मुलांनी विचारलं. थकवा, दमणूक, सगळे चालतात. मी 'शीण' लिहायला लावते. शेतातून घरी आलं की आजी म्हणायची, "शिणलीस गं माय." तिच्या त्या बोलण्यात ओत्सुकारेसामा पुरतं येतं. काम तडीला गेल्यावर एकत्र जेवायला आपण श्रमपरिहार म्हणतो, तोही याच घरातला.

आमच्या शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवरच्या गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेतल्या मुलांनी 2019 मध्ये यंत्रमानवांच्या ओढीनं जपानी निवडली. वाळूजची माझी मुलं जपानमधल्या नोकरीसाठी शिकतात. त्यांना मी या अक्षराची पुढची वाटही दाखवते. त्याला श्रमाची कांजी जोडली की 'हिरोउ', थकवा. श्रमाची तीच कांजी 'कारोशी'तही आहे: अतिकामानं येणारा मृत्यू. तो रोखण्यासाठी जपानला 2014 मध्ये कायदा करावा लागला. तिकडे जाणाऱ्यानं हा शब्द इथूनच शिकून जावा.

तुम्हीही जपानी शिकत असाल तर हे अक्षर नुसतं ओळखून सोडू नका. मोठ्या चौकटींची गणिताची वही घ्या, औरंगपुऱ्यात मिळते. आणि दमून आलेल्या दिवशीच लिहायला बसा. हात तेव्हा घाई करत नाही.