न जुळलेल्या ओळी

"ज्या ओळी जुळत नाहीत त्या काढून टाक आणि पुढे चल." हे वाक्य मला कुणी रागावून म्हटलं नव्हतं. सुरात घाई होती इतकंच, आणि बैठकीतल्या बाकीच्यांना ते पटलंही. तरी ते माझ्या डोक्यातून जात नाही, कारण त्या ओळींमध्ये कोण होतं ते मी बघून आले होते.

मी केमची. करमाळा तालुक्यातलं, रेल्वेलाइनवरचं, उत्तरेश्वराचं आणि कुंकवाचं गाव. दहावी गावात, बारावी बार्शीला, मग पुण्यात संख्याशास्त्र आणि हिंजवडीत नोकरी. पद डेटा सायंटिस्ट. 2012 साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'मध्ये थॉमस डेव्हनपोर्ट आणि डी. जे. पाटील यांनी या कामाला एकविसाव्या शतकातली सगळ्यांत आकर्षक नोकरी म्हटलं, तेव्हापासून ते वाक्य क्लासवाल्यांच्या तोंडी बसलं आहे. पगार बरा मिळतो. घरी काय करतेस ते सांगता येत नाही, म्हणून 'कॉम्प्युटरवर हिशेब' असं सांगून मोकळी होते. दिवसाचा बराचसा वेळ तक्ते साफ करण्यात जातो, हेही कुणी आधी सांगत नाही. पण मला त्याचा कधी कंटाळा आला नाही. तक्ता साफ करताना त्यातली माणसं कळतात.

आमचं काम छोट्या कर्जांचं होतं. अर्ज आला की माणूस कर्ज फेडेल की नाही याचा अंदाज मॉडेलनं द्यायचा. त्यासाठी अर्जातलं नाव, आधारवरचं नाव, बँक खात्यावरचं नाव आणि जुन्या कर्जाच्या नोंदीतलं नाव ही एकाच माणसाची आहेत का, हे आधी ठरवावं लागतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण सगळा प्रश्न इथंच आहे.

दत्तात्रय हे नाव इंग्रजीत लिहायला सांगा. कुणी एक टी लिहील, कुणी दोन, कुणी शेवटी वाय लावील. अशा घोळासाठी जुने तोडगे आहेत. अमेरिकेत 1918 साली साउंडेक्स नावाच्या पद्धतीचं पेटंट निघालं. पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, स्वर गाळायचे, उच्चारानं जवळच्या व्यंजनांना एकच अंक द्यायचा. किती अक्षरं बदलली की एका नावाचं दुसरं होतं ते मोजायची लेव्हेन्श्टाइनची रीत 1965 च्या सुमाराची. दोन्हींमुळे दत्तात्रयचं काम होऊन जातं. पण ज्या बाईचं नावच बदललं तिचं काय?

आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितात. सुमनची मंगल होते. मागचं वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं, आडनावही जातं. मग शाळेचा दाखला एका नावानं, आधार दुसऱ्या, माहेरी असताना काढलेलं खातं पहिल्याच, आणि बचत गटाच्या वहीत घरात हाक मारतात ते नाव. एकाच बाईची तीन-चार नावं, आणि त्यातली दोन एकमेकांशी एका अक्षरानंही जुळत नाहीत. पुरुषाचं नाव जन्मभर एकच राहतं, फार तर स्पेलिंग हुकतं.

मी न जुळलेल्या ओळी वेगळ्या काढून वाचल्या. पुन्हा पुन्हा तेच दिसत होतं. जन्मतारीख तीच, मोबाइल नंबर तोच, गाव तेच, फक्त नाव वेगळं. बहुतेक ओळी लग्न झालेल्या बायकांच्या होत्या. आमच्या पद्धतीनं त्यांच्यापुढे शिक्का होता 'ओळख संशयास्पद'. मी तक्ता केला, कारण लिहिलं, उपायही लिहिला. नाव जुळलं नाही तरी जन्मतारीख आणि मोबाइल जुळत असेल तर ओळ टाकू नका, माणसाकडून तपासून घ्या. तपासणीला वेळ लागतो आणि पैसाही लागतो, हे मलाही कळत होतं. म्हणूनच आधी थोड्याच ओळी तपासून पाहू म्हटलं. तेव्हा ते वाक्य आलं.

मला सगळ्यांत लागलं ते पुढचं. त्या ओळी गेल्यावर मॉडेलची अचूकता वाढली. वाढणारच! ज्यांच्याबद्दल अंदाज बांधणं अवघड त्यांना परीक्षेलाच बसू दिलं नाही, तर निकाल चांगला लागतो. पुढच्या बैठकीत स्लाइडवर तो वाढलेला आकडा मोठ्या अक्षरात होता. टाळ्या झाल्या, माझ्याही नावानं झाल्या. किती ओळी गाळल्या आणि त्या कुणाच्या होत्या याची मी लिहिलेली टीप छापील प्रतीत नव्हती. मी विचारलं तर उत्तर आलं, वरच्यांना एवढं तपशिलात नको असतं. पुढच्या तिमाहीत बघू. ती तिमाही गेली, तिच्यानंतरचीही गेली.

या नोकरीचा आतला तोटा हाच. ताण, उशिरापर्यंत बसणं, वर्षाला बदलणारी साधनं हे सगळीकडे आहे. इथं निर्णय बहुतेकदा आधीच झालेला असतो आणि त्याला आकड्याची सही हवी असते. सही आपली असते. आकडा बोलला म्हटलं की कुणी वाद घालत नाही. आकड्याच्या मागे कोण गाळलं गेलं ते एकट्या आपल्यालाच माहीत असतं, आणि ते सांगायला गेलं की आपण कामात खोडा घालणारे ठरतो.

दिवाळीला गावी आले होते. हुतात्मा एक्स्प्रेसनं कुर्डुवाडीला उतरले, तिथून केम. शेजारच्या काकू मोबाइल घेऊन आल्या. त्या कुंकवाच्या पुड्या भरतात. बोटांच्या पेरांतला लाल रंग त्यांचा कधी जात नाही. "पोरी, ह्यात काय लिवलंय बघ की." इंग्रजीत मेसेज होता: तुमच्या अर्जावर पुढील प्रक्रिया करता येणार नाही. कारण काही नव्हतं. "माझं काय चुकलं गं? मागचं तर समदं फेडलंय." ते कर्ज आमच्या मॉडेलनं नाकारलं की दुसऱ्या कुणाच्या, मला ठाऊक नाही. काकूंचं आधार मागून बघितलं. पासबुकावर वेगळं नाव होतं.

त्यात आणखी एक गोष्ट. कुंकवाचा धंदा हंगामाचा. संक्रांतीचं हळदीकुंकू, चैत्र, आषाढी, श्रावण, नवरात्र या दिवसांत पैसा येतो, मधले महिने कोरडे जातात. दर महिन्याला खात्यात सारखी रक्कम पडते का, हे बघणाऱ्या मॉडेलला हा माणूस डळमळीत वाटणार. माझ्या आजीला विचारलं असतं तर तिनं एका दमात सांगितलं असतं की नवरात्रानंतरचा हप्ता कधी चुकत नाही. पण तिचं म्हणणं कुठल्याच रकान्यात बसत नाही.

अशा वेळी मला संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे आठवतात. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, 1911 चा जन्म. पिकाचा उतारा नमुन्यानं कसा मोजायचा यावर त्यांचा आणि महालनोबिस या दुसऱ्या संख्याशास्त्रज्ञांचा मोठा वाद झाला. सुखात्म्यांचं म्हणणं असं की कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर कडेवरची रोपं आत ओढली जातात आणि उतारा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. कडेवरचं रोप आत मोजायचं की बाहेर, यावर एवढे मोठे लोक वर्षानुवर्षं भांडले, कारण त्यावर देशाच्या धान्याचा अंदाज उभा होता. आमच्या बैठकीत कडेवरच्या माणसांसाठी चहा संपेपर्यंतही वेळ नव्हता.

म्हणून मी गावातल्या बायकांना सांगत सुटले आहे. कर्ज नाकारलं तर मुख्य कारण लेखी कळवावं, असं रिझर्व्ह बँकेच्या 2003 च्या न्याय्य व्यवहार संहितेत बँकांसाठी म्हटलेलं आहे, ते मागा. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा पूर्ण पत अहवाल फुकट मिळतो, तो काढा. त्यात चूक असेल तर तक्रार करा. तीस दिवसांत तक्रार मिटली नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाईची तरतूद आहे. आणि आधार, पासबुक, पॅन या तिन्हींवर नाव एकच करून घ्या. हे शेवटचं सांगताना मात्र मला राग येतो. नाव बदललं लग्नानं, कागद बनवले दुसऱ्यांनी, आणि हेलपाटे घालायचे बाईनं!

मामाचा मुलगा बारावीनंतर याच क्षेत्रात यायचं म्हणतो. मी त्याला आधी नको म्हटलं होतं. लाखभर फी भरून चार महिन्यांत डेटा सायंटिस्ट करून देणारा क्लास बघून आला होता, त्याला तर स्पष्ट नाहीच म्हटलं. गणित शिक, संख्याशास्त्राची पदवी घे, साधनं नंतर येतात. पण नंतर वाटलं, आपण नको म्हणणार कुणाला? केममधलं, करमाळ्यातलं कुणीच त्या बैठकींच्या खोल्यांमध्ये नसलं तर त्या गाळलेल्या ओळी कुणी वाचायच्या तरी? मी होते म्हणून निदान एक टीप लिहिली गेली, जरी छापली गेली नाही.

आता पदवीच्या पहिल्या वर्षाची त्याची फी मी भरली आहे. मी स्वतः नोकरी सोडायचं म्हणते आणि सोडत नाही. घराचे हप्ते आहेत, आणि खरं सांगायचं तर एखादा अवघड तक्ता सुटला की आजही दिवस चांगला जातो. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो आला की गल्लीतल्या बचत गटाचं रजिस्टर घेऊन बसायचं ठरलंय. बायकांना विचारून, त्यांची परवानगी घेऊन, प्रत्येकीचं माहेरचं नाव, सासरचं नाव आणि हाकेचं नाव अशा तीन रकान्यांत लिहायचं. काकूंनी पहिली वही आमच्याकडे आणून ठेवली आहे.