काठावरचा डब्ल्यू

आण्णांच्या पत्र्याच्या पेटीत सगळ्यात खाली, डांबरगोळ्यांच्या वासात, एक पदक असायचं. रुपयापेक्षा मोठं, हाताला जड, काठाला गुळगुळीत. १९७८ साली आण्णा पेन्शन घेऊन फौजेतून आले आणि आम्ही साताऱ्याजवळचं गाव सोडून आकुर्डीला दोन खोल्यांत राहायला आलो. पेटी आमच्याबरोबर एसटीच्या टपावरून आली. आण्णा पिंपरीतल्या एका कंपनीत ड्रायव्हर म्हणून लागले. ते ड्यूटीवर गेले की मी पेटी उघडायचो आणि पदक शहाबादी फरशीवर भोवऱ्यासारखं फिरवायचो.

त्याच वर्षी पाचवीत माझं इंग्रजी सुरू झालं होतं. नवी अक्षरं दिसतील तिथं वाचायचा नाद लागला होता: काडेपेटीवर, बिस्किटाच्या पुड्यावर, हायवेच्या कडेच्या कंपन्यांच्या बोर्डांवर. एक दिवस पदकाच्या काठावर लक्ष गेलं. तिथं बारीक अक्षरं कोरलेली होती: आधी लांबलचक नंबर, मग हुद्दा, मग नाव. मी एकेक अक्षर लावत गेलो आणि आडनावाशी अडखळलो.

रात्री आण्णा जेवत असताना म्हणालो, "आण्णा, पदकावर आपलं आडनाव चुकलंय. व्ही पाहिजे. डब्ल्यू आहे."

पेटी उघडल्याबद्दल मार बसेल असं वाटलं होतं. आण्णांनी भाकरी मोडली आणि म्हणाले, "फौजेत मी डब्ल्यूच हाय."

आमच्या आडनावात एक 'व' आहे. मराठीत त्याचं काही अडत नाही. इंग्रजीत मात्र त्याला दोन अक्षरं आहेत आणि कुठलं घ्यायचं हे लिहिणाऱ्याच्या मर्जीवर असतं. १९६३ साली, चीनच्या युद्धानंतर भरती जोरात होती तेव्हा, आण्णा रांगेत उभे राहिले. टेबलापलीकडच्या कारकुनाची भाषा वेगळी. त्यानं विचारलं, यांनी सांगितलं, त्याला ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं. जन्मतारीख १ जून. ती त्या काळी निम्म्या गावाची होती, कारण शाळा जूनमध्ये उघडायची आणि मास्तर तीच टाकायचे. पुढची पंधरा वर्षं आण्णांचा पगार, रजा, औषधपाणी, सगळं डब्ल्यूच्या नावानं झालं. गावात मात्र सातबारा मराठीत, रेशनकार्ड मराठीत. त्यामुळे दोन वेगळ्या अक्षरांची ही दोन माणसं कधी समोरासमोर आलीच नाहीत.

ते पदक म्हणजे १९६५ च्या युद्धाचं रक्षा मेडल. त्या युद्धाची दोन पदकं निघाली. रक्षा मेडल सैन्यात त्या वेळी नोकरीत असलेल्यांसाठी, आणि समरसेवा स्टार प्रत्यक्ष लढाईच्या मुलखात होते त्यांच्यासाठी. आण्णांना पहिलं मिळालं, दुसरं नाही. बाहेरच्या माणसाला यात काय मोठंसं, असं वाटेल. पण फौजी माणूस छातीवरच्या फिती वाचतो. एकच फीत दिसली की त्याला कळतं, हा गडी लढाईच्या वेळी मागं कुठंतरी बराकीत होता.

आण्णा बराकीत नव्हते. सप्टेंबर १९६५ मध्ये सियालकोट आघाडीवर फिल्लोरा आणि चाविंडाच्या लढाया झाल्या. पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल तारापोर तिथंच धारातीर्थी पडले, परमवीरचक्राचे मानकरी झाले. त्या आघाडीच्या मागच्या रस्त्यावर आण्णा रात्री दिवे न लावता शक्तिमान ट्रकमधून दारूगोळा पोचवत होते. चूक एवढीच झाली, की त्या काही आठवड्यांसाठी त्यांना दुसऱ्या युनिटला जोडून दिलेलं होतं. मूळ युनिट मागंच राहिलं. फौजेत माणसाच्या आयुष्यातलं काहीही खरं ठरायचं तर त्याची 'पार्ट टू ऑर्डर' निघावी लागते. लग्न झालं, मूल झालं, बदली झाली, आघाडीवर गेला, प्रत्येकाची ऑर्डर. ज्यांच्याकडे आण्णा पाहुणे होते त्यांना वाटलं, मूळ युनिट काढेल. मूळ युनिटला वाटलं, ते काढतील. कुणीच काढली नाही. डिस्चार्ज बुकात कॅरेक्टरपुढं 'एक्झेम्प्लरी' आलं, मेडलच्या रकान्यात स्टार आला नाही.

पुढं मी आयटीआय केलं, भोसरीच्या एका वर्कशॉपात लागलो आणि फिरत फिरत चाकणला एका फोर्जिंग कारखान्यात क्वालिटीला आलो. तिथं मला आण्णांचं दुखणं माझ्या भाषेत कळलं. आमच्या प्रत्येक नगावर हीट कोड पंच केलेला असतो. कुठल्या ओतीचं पोलाद, कुठल्या पाळीत ठोकलं, हे त्या चार-पाच अक्षरांवरून निघतं. नगावरचा कोड आणि कागदावरचा कोड जुळला नाही, की माल कितीही चांगला असू दे, पिवळं लेबल लागतं आणि तो होल्ड एरियात जाऊन पडतो. गेज लावा, भिंग लावा, मापात एका मायक्रॉनची चूक निघणार नाही. तरी तो गाडीत चढत नाही.

एकदा सुट्टीच्या दिवशी मी पदक खिशात घालून कारखान्यात नेलं. भिंगाखाली धरलं. डब्ल्यूचा एक पाय घासून काढला तर व्ही सहज झाला असता. पंच होते, एन्ग्रेव्हर होता, वीस मिनिटांचं काम. हात लावण्याआधी आण्णांना विचारावं म्हणून परत आणलं.

आण्णा ऐकून घेत राहिले. मग विचारलं, "तुझ्या कारखान्यात रजिस्टरात चुकलं तर काय करतोस? खोडतोस?"

"नाही. एक रेघ मारायची, जुनं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर लिहायचं, सही, तारीख."

"सही कुणाची?"

"ज्यानं लिहिलं त्याची."

"मग झालं तर," म्हणाले. "चूक त्यांची. सही त्यांचीच पाहिजे."

२०१५ साली वन रँक वन पेन्शनचा निर्णय झाला आणि पिंपरी-चिंचवडभरच्या माजी सैनिकांनी आपापल्या पेट्या उघडल्या. दर रविवारी कुणाच्या ना कुणाच्या ओसरीवर बैठक. कुणाची जन्मतारीख दोन ठिकाणी दोन, कुणाच्या बापाचं नाव अर्धं, कुणाची मुलगी कागदोपत्री मुलगा. आण्णा तेव्हा बहात्तरचे. आधार कार्डावर व्ही होता, पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, डब्ल्यू. इतकी वर्षं एकमेकांना टाळत आलेली दोन माणसं शेवटी एका टेबलावर आली.

त्यांनी मला वही घेऊन बसवलं आणि दुरुस्त्या सांगितल्या. मी आपला स्टार पहिला लिहायला गेलो. त्यांनी हात धरला.

"एक नंबर, तुझ्या आईचं नाव."

मला हे माहीतच नव्हतं. १९६७ साली लग्नात आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे ताटातल्या तांदळात अंगठीनं आईचं नवं नाव लिहिलं गेलं. आण्णा रजा संपवून परतले आणि लग्नाची पार्ट टू ऑर्डर काढताना कारकुनाला तिचं माहेरचं नाव सांगितलं. तेव्हा तेच तोंडात बसलेलं होतं. म्हणजे फौजेच्या दफ्तरात आण्णांची बायको जी होती, त्या नावाची बाई आमच्या घरात पन्नास वर्षांत कुणी हाक मारली म्हणून आली नव्हती. आण्णा गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतन तिच्या नावानं निघालं असतं आणि आई दारात उभी राहिली असती, ती मी नव्हेच म्हणत.

दोन नंबर, डब्ल्यूचा व्ही. तीन नंबर, स्टार.

मग सगळं रीतसर. स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं. डिस्चार्ज बुकाच्या पानापानाची साक्षांकित प्रत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं पत्र. रेकॉर्ड ऑफिसला रजिस्टर पोस्ट. उत्तर आलं, एक कागद कमी. तो पाठवला, तर आधीचे मिळाले नाहीत म्हणून उत्तर. आण्णा पोस्टाच्या पावत्या एका दाभणात ओवून ठेवायचे. एकदा देहूला जाऊन आले आणि म्हणाले, "तुकोबाच्या वह्या तेरा दिवसांत वर आल्या लेका. आपल्या कुठल्या डोहात हायेत कोण जाणे."

डोह सगळीकडेच आहेत. अमेरिकेत सेंट लुईसला १२ जुलै १९७३ रोजी सैनिकांच्या नोंदींच्या इमारतीला आग लागली आणि दीड कोटीहून जास्त फायली जळाल्या. तिथले म्हातारे शिपाई जुन्या पत्रांवरून, पगाराच्या चिठ्ठ्यांवरून आपली नोकरी सिद्ध करत राहिले. आमच्याकडे आग लागली नव्हती. जो कागद हवा होता तो कधी निघालाच नव्हता, आणि न निघालेला कागद शोधून देणार कोण?

आईच्या नावाची दुरुस्ती दोन वर्षांनी आली, व्हीची त्याच्यानंतर वर्षभरानं. दोन्ही कॉरिजेंडम पीपीओ आण्णांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले. स्टारबद्दल एका ओळीचं उत्तर आलं: उपलब्ध दस्तऐवजात नोंद आढळत नाही. त्या आघाडीवर बरोबर असलेला एक ड्रायव्हर पंजाबात हयात होता. त्याचं प्रतिज्ञापत्र जोडलं. पुन्हा तीच ओळ. एका सुभेदार मेजरसाहेबांनी सुचवलं, ट्रायब्युनलला जा. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा २००७ चा, मुंबईतही त्याचं खंडपीठ आहे. आण्णांनी मान हलवली. "कोर्टात जायचं ते पैशासाठी, न्हाईतर बांधासाठी. ताऱ्यासाठी न्हाई."

२०२१ मध्ये आण्णा गेले. तिसऱ्या महिन्यात आईचं निवृत्तिवेतन तिच्या खात्यात जमा झालं. कुणी काही विचारलं नाही.

२०२४ च्या जूनमध्ये आईला घेऊन 'चंदू चॅम्पियन' बघायला गेलो, मुरलीकांत पेटकरांवरचा. पेटकर सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे, फौजेच्या ईएमई दलातले जवान. आण्णांच्याच युद्धात, १९६५ मध्ये, त्यांना गोळ्या लागल्या, एक मणक्यात अडकली, कमरेखालचं शरीर गेलं. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी विश्वविक्रमासह सुवर्णपदक आणलं. भारताचं पॅरालिम्पिकमधलं ते पहिलं सुवर्ण. नंतर इथंच टेल्कोत नोकरी केली. कित्येक शिफ्टची माणसं त्यांच्या शेजारून जात-येत असतील. अर्जुन पुरस्कारासाठी त्यांनी अर्ज केला, तो नाकारला गेला. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये.

थिएटरातून बाहेर पडताना आई म्हणाली, "त्यांनी तरी कशाला मागायचं? पोहले तेव्हा सगळ्यांनी बघितलं की."

पुढं १७ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती भवनात पेटकरांना २०२४ चा अर्जुन जीवनगौरव पुरस्कार दिला गेला. बावन्न-त्रेपन्न वर्षांनी. मी टीव्हीवर ते बघत होतो तेव्हा मला पदकापेक्षा त्यामागची सही दिसत होती. सरकारनं उशिरा का होईना, आपल्या रजिस्टरात रेघ मारली, शेजारी बरोबर लिहिलं आणि तारीख टाकली. लोक म्हणतात, म्हाताऱ्यांना मानाची हाव असते. आण्णांकडे बघून मला तसं वाटत नाही. ज्या रात्री दिवे न लावता ट्रक हाकला, त्या रात्री आपण तिथं होतो, एवढंच त्यांना दफ्तरानं कबूल करायला हवं होतं.

पदक आता माझ्या कपाटात आहे. काठावर डब्ल्यू तसाच आहे, आणि एन्ग्रेव्हर अजून माझ्या हाताशी आहे. स्टारची जागा रिकामी आहे.

तुमच्या घरात, शेजारी, सोसायटीच्या गेटवर एखादा जुना फौजी असेल, तर तो आहे तोवर त्याच्याजवळ बसून त्याचं डिस्चार्ज बुक उघडा. त्याचं नाव, बायकोचं नाव, जन्मतारीख, मेडलचा रकाना. पीपीओ आणि आधार कार्डाशी एकेक अक्षर ताडून बघा. बायकोचं नाव आधी बघा. आणि चूक सापडली तर खोडू नका. अर्ज करा.