सिएटलच्या मुक्कामात : माणूस कोणाला म्हणावे?

परदेशी जाऊन आलेल्या माणसाने तेथील उंच इमारती, गुळगुळीत रस्ते आणि शिस्त यांचे गुणगान करावे, अशी आपल्याकडे पद्धतच पडून गेली आहे. ते सारे सिएटलला आहे, मी पाहिले आहे, आणि ते चांगलेही आहे. पण माझ्या मनात घर करून बसले ते एक संग्रहालय, एक दूरदर्शन मालिका आणि तिच्यावरून माझ्या नातवाच्या मित्रमंडळीत जुंपलेले भांडण. म्हणून तेच लिहिते.

सिएटल अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात आहे. एका बाजूला समुद्राची खाडी, दुसऱ्या बाजूला तलाव, आणि आभाळ मोकळे असेल तर दूरवर बर्फाने झाकलेला माउंट रेनियर. आभाळ बहुधा मोकळे नसते. हे शहर ज्या जिल्ह्यात येते त्याचे नाव किंग काउंटी. १८५२ साली हे नाव दिले गेले ते विल्यम किंग नावाच्या पुढाऱ्यावरून. हा गृहस्थ अलाबामातला मळेवाला, गुलामांचा मालक. १९८६ साली जिल्ह्याच्या कौन्सिलने ठराव केला की, यापुढे हे नाव डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे समजावे. २००५ साली राज्याच्या कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब झाले. पाटीवरचे अक्षर तेच राहिले, माणूस बदलला! तेथेही एकोणीस वर्षे लागली, पण कोणाची घरे जळाली नाहीत. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत आपल्या लोकांनी काय सोसले, ते आठवून मला त्या जिल्ह्याचा हेवा वाटला.

शहरात एक मोनोरेल आहे, १९६२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेली. जेमतेम मैलभर धावते, पण शेवटी चक्क एका इमारतीच्या पोटातून जाते. तेच हे संग्रहालय. बाहेरून पाहिले तर रंगीत पत्रे चुरगाळून टाकल्यासारखे दिसते. फ्रँक गेरी या नामांकित वास्तुशिल्पज्ञाचे काम आहे म्हणतात. आज त्याचे नाव म्युझियम ऑफ पॉप कल्चर. २०१६ च्या उन्हाळ्यात मी पहिल्यांदा गेले तेव्हा नाव वेगळे होते. त्या वर्षी ‘स्टार ट्रेक’ या मालिकेला पन्नास वर्षे झाली म्हणून तिच्या वस्तूंचे मोठे प्रदर्शन मांडले होते. कॅप्टन कर्कची खुर्ची पाहायला माणसे रांग लावून उभी होती, जणू एखाद्या राजाचे सिंहासन!

ही मालिका ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शनवरही लागत असे. आमच्या चाळीत एकाच घरी टीव्ही होता. दारात उभे राहून आम्ही पाहायचो. कळायचे थोडेच. पण यानाच्या पुलावर गोऱ्यांच्या बरोबरीने बसलेली काळी स्त्री मात्र लक्षात राहिली. उहुरा हे तिचे नाव, आणि निशेल निकोल्स ही ती भूमिका करणारी नटी. पहिल्या वर्षानंतर ती काम सोडायला निघाली होती. तेव्हा एका समारंभात डॉ. किंग तिला भेटले, स्वतःला तिचा चाहता म्हणाले आणि सोडू नकोस म्हणून आग्रह केला, असे तिने पुढे अनेकदा सांगितले. ती राहिली. व्हूपी गोल्डबर्ग तेव्हा लहान होती. टीव्हीवर काळी बाई आहे आणि ती मोलकरीण नाही, असे ओरडत ती घरच्यांना बोलवायला धावली. पुढे तीच व्हूपी याच मालिकेच्या नव्या आवृत्तीत आली. तिची गोष्ट खाली येईल.

प्रदर्शनात मुलांसाठी एक बोगदा केला होता. यानाच्या भिंतींमागे दुरुस्तीसाठी रांगत जाण्याची अरुंद वाट असते, तिची नक्कल. माझा नातू तेव्हा दहा वर्षांचा. तो खिदळत आत शिरला आणि मी “नको रे बाळा, बाहेर ये” म्हणून ओरडले. आजूबाजूचे लोक बघायला लागले. मुलगीही माझ्यावर चिडली. तिला काय सांगणार? माझे वडील एका नगरपालिकेच्या सफाई खात्यात होते. कमरेला दोर बांधून गटारात उतरत. घरी आले की अंघोळ होईपर्यंत आम्हा भावंडांना जवळ येऊ देत नसत. नातू दुसऱ्या टोकाने हसत बाहेर आला. मी त्याला उगीचच दोन-तीनदा झटकले.

दुसऱ्यांदा गेले ती एप्रिल २०२३ मध्ये, भीमजयंतीच्या सुमारास. नातू आता सतरा वर्षांचा, कर्कच्या खुर्चीचे वेड मागे पडलेले, पण मालिकेचे वेड वाढलेले. एका शनिवारी त्याचे तीन मित्र घरी आले; त्यांत एक काळी मुलगी होती आणि एक चिनी आईबापांचा मुलगा. पोहे खाता खाता वाद सुरू झाला तो रात्रीपर्यंत चालला. मला सगळे इंग्रजी समजत नाही. नातवाने मधून मधून सांगितले, नंतर दोन भाग दाखवलेही.

पहिला भाग १९८९ सालचा. डेटा नावाचा यंत्रमानव आहे, यानावरचा अधिकारी. एका शास्त्रज्ञाला तो खोलून त्याच्यासारखे हजारो करायचे आहेत. डेटा नकार देतो, राजीनामा देऊ पाहतो. त्याला सांगतात, तू राजीनामा देऊ शकत नाहीस, तू आमची मालमत्ता आहेस. मग सुनावणी. कॅप्टन त्याचा वकील होतो, आणि हरत चाललेला असताना गायनन नावाच्या शहाण्या बाईकडे जातो. ही आपली व्हूपी गोल्डबर्ग. ती त्याला शांतपणे आठवण करून देते की, अनेक जगांत घाणीची कामे करायला टाकाऊ जीव असतातच. त्यांचे काय वाटते याचा कोणी विचार करत नाही. कॅप्टनच्या डोक्यात तेव्हा गुलामगिरी हा शब्द येतो. ही कथा लिहिणारी मेलिंडा स्नॉडग्रास कायदा शिकलेली. काळा माणूस या देशाचा नागरिकच होऊ शकत नाही, असा १८५७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेला ड्रेड स्कॉटचा निकाल तिच्यासमोर होता. डेटा सुटतो, मालमत्ता नाही असा निकाल लागतो.

“मग झालं ना?” असे चिनी मुलाचे म्हणणे. ती मुलगी म्हणाली, काहीच झालेले नाही, पुढचे बघ. पुढचे म्हणजे ‘व्हॉयेजर’ या मालिकेतले. तेथे प्रकाशाचा बनलेला एक डॉक्टर आहे. त्याच्याच जातीचे ६७५ डॉक्टर जुने झाले म्हणून त्यांना कचरा वाहणाऱ्या जहाजांवर नळ्या घासायला लावले. ज्या शास्त्रज्ञाने त्यांना घडवले त्याला याची लाज वाटते. कशाची लाज? आपल्या चेहऱ्याचे इतके जण नळ्या घासतात, याची! त्यांच्यावर काय बेतते याची त्याला फारशी फिकीर नाही. २००१ च्या एका भागात हा डॉक्टर कादंबरी लिहितो आणि तिच्यावरचा हक्क मागतो. पंच निकाल देतात : तुम्हाला माणूस म्हणता येणार नाही, कलावंत म्हणता येईल.

हे ऐकून मी हातातली बशी खाली ठेवली. आमच्या घराण्यात तमाशात ढोलकी वाजवणारे होते. फडावर त्यांना शाबासकी मिळायची, फेटा मिळायचा, आणि सकाळी त्याच गावच्या विहिरीवर पाणी मिळायचे नाही. कलावंत होते ना ते!

चिनी मुलगा हटेना. त्याचा मुद्दा खोटा नव्हता. ती यंत्रे आहेत, कामासाठी बनवलेली. आपल्या वाडवडिलांच्या हालांची तुलना यंत्राशी केली तर उलट आपणच त्यांना यंत्र ठरवतो, असे तो म्हणाला. मलाही ते पटले. माझे वडील यंत्र नव्हते. मुलगी म्हणाली, अरे, पण खऱ्या माणसांबद्दलही आधी हेच म्हणत होते, की हे याच कामासाठी जन्मले आहेत. यावर कोणी काही बोलले नाही. मग नातू बोलला, आणि मला सर्वांत तेच महत्त्वाचे वाटले. तो म्हणाला, डेटाचे माप घेणारे सगळे दुसरेच होते. वकील दुसरा, न्यायाधीश दुसरी, बंद करायचे बटण दाबणाराही दुसरा.

मी त्याला सांगितले, १९१९ साली साउथबरो कमिटीपुढे बाबासाहेब आपल्या लोकांची बाजू मांडायला स्वतः उभे राहिले, तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचेही झाले नव्हते. आणि १९३६ साली त्यांनी लिहून ठेवले की, जात ही कामाची वाटणी नसून काम करणाऱ्यांचीच वाटणी आहे. नातवाने ते मित्रांना इंग्रजीत सांगितले. ती मुलगी वहीत लिहून घेत होती.

रविवारी मी हट्ट धरला की मला सिटी हॉल दाखवा. सुटीमुळे बंद होता. काचेची इमारत, पायऱ्या, समोर चढाचा रस्ता, पाहण्यासारखे फार नाही. पण २१ फेब्रुवारी २०२३ रोजी याच ठिकाणी सिएटलच्या कौन्सिलने सहा विरुद्ध एक मतांनी जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली. अमेरिकेत असे करणारे हे पहिले शहर. प्रस्ताव क्षमा सावंत यांचा, जन्म पुण्याचा. त्या दिवशी कडाक्याच्या थंडीवाऱ्यात आपले लोक सकाळपासून बाहेर रांगेत उभे होते, आत जाऊन बोलायला मिळावे म्हणून. शंभराहून अधिक लोकांनी दुरून बोलण्यासाठी नावे दिली होती. या कायद्याची गरज नाही, असे म्हणणारे आपल्याच देशातले होते. (त्याच वर्षी कॅलिफोर्नियात तसाच कायदा विधिमंडळात मंजूर झाला, पण ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरांनी तो परत पाठवला.) मी पायरीवर पाच मिनिटे बसले. जावयाने फोटो काढला.

परतताना मोनोरेल त्या चुरगाळलेल्या इमारतीतून गेली. नातू खिडकीशी बसला होता. गाडी बाहेर आल्यावर त्याने विचारले, “आजी, पणजोबा उतरायचे ते भोक त्या बोगद्याएवढं होतं का गं?”

मी दोन्ही हातांनी दाखवले. तो माझ्या हातांकडे बघत राहिला. मग त्याने आपले खांदे किती रुंद आहेत ते चाचपून पाहिले.