नसलेल्या नाचघराचा पत्ता

अमेरिकेहून परत आलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारतात. नायगारा पाहिला का, आणि तिथे भाजी काय भावाने मिळते? नायगारा पाहिला नाही म्हटले की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. मग मी घाईघाईने सांगतो की, नायगारा राहिला खरा, पण न्यूयॉर्कमधल्या हार्लेम भागातले एक नाचघर पाहून आलो. "नाचघर?" म्हणत गृहस्थ खुर्ची पुढे ओढतात. आणि ते नाचघर १९५८ सालीच बंद होऊन पुढे जमीनदोस्त झाले, असे मी सांगितले की, मराठीच्या प्राध्यापकाकडे एरवी पाहतात तसे माझ्याकडे पाहू लागतात.

त्याचे असे झाले. माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत एडिसन गावी असते. गेल्या उन्हाळ्यात तिने आम्हा दोघांना आग्रहाने बोलावून घेतले. आग्रह खरा होता तो हिच्यासाठी. आदल्या श्रावणात हिची आई गेली. तेव्हापासून ही रडली फारशी नाही, पण बोलायची ती कामापुरते. "चहा ठेवलाय", "दूधवाल्याचे द्यायचेत", एवढेच. वीस वर्षे वर्गात बडबड करून पोट भरणाऱ्या माणसाला घरातले असले मौन कसे हाताळावे ते कळत नाही. मी आपला माझ्या परीने उपदेश करीत होतो. त्याचा परिणाम उपदेशाचा होतो तेवढाच झाला.

बहिणीचा मुलगा कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. दर गुरुवारी संध्याकाळी तो चामड्याच्या तळव्याचे बूट, टॉवेल आणि दोन जादा शर्ट पिशवीत घालून बाहेर पडे आणि मध्यरात्री घामाघूम होऊन परते. बहिणीला वाटले, एखादी मुलगी असेल. चौकशीअंती निघाल्या वीस-पंचवीस, आणि प्रत्येकीशी संबंध तीन मिनिटांचा! चिरंजीव 'लिंडी हॉप' नावाचा नाच नाचत होते. हा स्विंग संगीतावरचा जोडीचा नाच. गाणे तीन मिनिटांचे, कारण जुन्या ७८ च्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढेच मावे. गाणे संपले की आभार मानायचे आणि दुसरा जोडीदार शोधायचा. स्टेज नाही, प्रेक्षक नाहीत, बक्षीस नाही. "मग कशासाठी रे नाचता?" असे मी विचारले. तो म्हणाला, "मामा, उद्या तुम्ही आणि मामी चला. पण आधी देऊळ दाखवतो, मग आरती."

देऊळ म्हणजेच ते नसलेले नाचघर. आम्ही भुयारी गाडीने १३५ व्या रस्त्याला उतरलो आणि लेनॉक्स ॲव्हेन्यूने उत्तरेला चालू लागलो. या रस्त्याला माल्कम एक्सचेही नाव दिले आहे, पण जुने नाव काही जात नाही. आपल्याकडच्या रस्त्यांचेही तसेच आहे, त्यामुळे बरे वाटले. ऊन मी म्हणत होते. १४० आणि १४१ या रस्त्यांच्या मधोमध भाचा थांबला. समोर विटांच्या उंच, एकसारख्या राहत्या इमारती होत्या आणि रस्त्याकडेला एक स्मृतिफलक.

"हेच सॅव्हॉय," तो म्हणाला.

ही फलकाकडे पाहत राहिली आणि मग माझ्याकडे. "एवढ्यासाठी आणलंत?" एवढेच तिच्या नजरेत होते.

पण भाच्याला आता चढले होते. १२ मार्च १९२६ रोजी सॅव्हॉय उघडले. दुसरा मजला, आणि लांबी जवळजवळ या टोकापासून त्या टोकापर्यंत, सबंध एक गल्ली. नाचाची लाकडी जमीन दहा हजार चौरस फुटांची. इतके पाय तिच्यावर घासत की दर तीनेक वर्षांनी ती बदलावी लागे म्हणतात. वादकांसाठी शेजारी शेजारी दोन मंच. एक बँड थांबला की दुसरा सूर धरी, म्हणजे रात्रभर खंड नाही. मालक गोरा, व्यवस्थापक काळा, आणि नाचणारे दोन्ही. ज्या काळात न्यूयॉर्कमधल्या कित्येक बड्या क्लबांत काळी माणसे वाजवू शकत पण टेबलाशी बसू शकत नसत, त्या काळात इथे कातडीच्या रंगाकडे कोणी पाहत नसे. पाहत असत ते पायांकडे. एका कोपऱ्यात फक्त पट्टीचे नाचणारे उतरत, नवख्याने तिथे पाऊल टाकण्याची छाती करू नये.

१९४३ साली अधिकाऱ्यांनी अनैतिकतेच्या आरोपावरून सॅव्हॉयला सहा महिने टाळे ठोकले. हार्लेममधल्या लोकांना खरे कारण ठाऊक होते. काळे आणि गोरे एकमेकांचा हात धरून नाचतात, हे काहींना सोसत नव्हते. हात धरण्याला एवढा वचक असतो.

इथला मुख्य बँड चिक वेब या ढोलवादकाचा. लहानपणी पाठीच्या कण्याला क्षय झालेला, कुबड आलेला, अगदी ठेंगणा माणूस. उंच चौथऱ्यावर ढोल मांडून बसे आणि सबंध जमीन उचलून धरी. ११ मे १९३७ ला बेनी गुडमन हा त्या वेळी देशभर गाजणारा गोरा वादक आपला बँड घेऊन त्याच्याशी सामना द्यायला आला. आत चार हजार लोक आणि बाहेर त्याहून जास्त. निकाल नाचणाऱ्यांनी दिला, आणि तो चिक वेबच्या बाजूने लागला.

भाच्याला ठाऊक नसलेली एक गोष्ट मात्र मला ठाऊक होती, आणि मास्तराला ती सांगितल्यावाचून राहवते थोडेच! सॅव्हॉय उघडले तेव्हाच्या बँडपैकी एकाचा म्होरक्या होता लिऑन ॲबी. हाच ॲबी पुढे १९३५ च्या सुमारास आपला ताफा घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्याच्यामागून टेडी वेदरफर्ड आला. त्यांचे वाजवणे कान देऊन ऐकणारे होते आपले गोव्याचे वादक. त्यांतलाच आल्दोना गावचा आंतोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' म्हणून नावाजला आणि पुढे सी. रामचंद्र, म्हणजे आपल्या पुणतांब्याचे चितळकर, यांचा साहाय्यक झाला. १९५१ च्या 'अलबेला'त त्याचा बँडही आहे आणि संगीतात हीच झिंग आहे. म्हणजे पाहा, ताजच्या नाचघराचा उंबरठा ज्यांनी जन्मात ओलांडला नाही त्या गिरगाव-दादरच्या चाळींत हार्लेमची लय रेडिओवरून शिरली, आणि भगवानदादांच्या पावलांतून ती थेट गणपतीच्या मिरवणुकीत उतरली.

"मामा, हे तुम्ही कधी बोलला नाहीत!" भाचा म्हणाला.

"ते सगळं बोलतात," ही म्हणाली, "पण रस्त्यात उभं करून." कामापुरते नव्हे असे वाक्य बऱ्याच महिन्यांनी ऐकले.

संध्याकाळी आरतीला गेलो. मॅनहॅटनमधला एका जुन्या इमारतीतला हॉल, कोपऱ्यात मोठाले पंखे, भिंतीशी बुटांचा ढीग. हे दृश्य पाहून खरोखरच देवळात आल्यासारखे वाटले. नऊ वादकांचा बँड वाद्ये जुळवीत होता. त्याआधी तासभर नवशिक्यांचा वर्ग. आत विशीतली पोरे होती, सत्तरीतली जोडपी होती, एक शीख गृहस्थ होते, दोन जपानी मुली होत्या. पुढे नेणारे एका रांगेत आणि साथ देणारे समोर. नेणारा पुरुषच असला पाहिजे असे नाही, हे मला तिथे गेल्यावर कळले.

पहिला धडा टाळीचा. संगीत सुरू झाले आणि मी आपल्या सवयीने समेवर टाळी दिली. सगळा हॉल दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर देत होता. भजनात एखादा बेताल बसावा तसे माझे झाले. पण मग लक्ष देऊन ऐकताना एक मौज ध्यानात आली. या संगीतात एका ठोक्याचे दोन तुकडे पडतात ते सारखे नसतात. पहिला लांब आणि दुसरा आखूड, साधारण दोनास एक. गुरु-लघु, गुरु-लघु! जन्मभर फळ्यावर ज्या खुणा मांडल्या त्याच इथे सॅक्सोफोनमधून निघत होत्या. गती वाढली की हा फरक कमी होत जातो, संथ झाली की वाढतो. या उतरत्या चढत्या तुकड्यांमुळेच लयीला हेलकावा येतो. स्विंग म्हणजे झोका, हे नाव ज्याने ठेवले त्याला कान होता.

ज्ञान झाले, पण पायांना ते कोणी सांगावे? नाचाचे मुख्य वळण आठ मात्रांचे. जोडीदाराला जवळ घ्यायचे, तिच्यासह फिरायचे आणि हात लांब होईतो तिला बाहेर सोडायचे. दर दोन मिनिटांनी शिक्षिका जोड्या बदलीत होती. आमच्या घराण्यात चारचौघांत बायकोचा हात धरण्याचे प्रसंग दोनच, लोकल पकडताना आणि दवाखान्याच्या पायऱ्या चढताना. इथे परक्या बायांचे हात एकामागून एक हातात येऊ लागले आणि मी प्रत्येकीची मनःपूर्वक क्षमा मागत गेलो. सत्तरीच्या एक हार्लेमवासी बाई वाट्याला आल्या. त्या हसून म्हणाल्या, "तुम्ही मला कुठे जायचं ते सांगताय. जरा विचारा की!"

तेवढ्यात ही माझ्यासमोर आली. मी मनात एक-दोन मोजून तिला बाहेर ढकलले. ती ठोकळ्यासारखी उभी. मी पुन्हा ढकलले. ती थांबली, माझ्या बोटांकडे पाहिले, आणि एकदम म्हणाली, "अहो, ही तर फुगडी आहे!"

"फुगडी कशी असेल?"

"बोटं काय धरताय? नीट धरा. आणि मला ढकलू नका, तुम्ही मागे झोका. मी झोकते. दोघांनी झोकलं तरच फिरतं. एकटा ताठ राहिला की दोघं पडतात."

आणि बँडने सूर धरला तेव्हा तिने गुडघे किंचित वाकवून सगळा भार मागे टाकला. मला मागे झुकण्यावाचून गत्यंतरच राहिले नाही. मधल्या हातांत एक ताण आला, दोरीसारखा, आणि त्या ताणाने आम्हां दोघांना आपणहून फिरवले. मी काही केले नव्हते. एकदा जमले, मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा ती बाहेर गेली ती हसत. मोठ्याने, मान मागे टाकून.

गाणे संपले तशी ती भिंतीशी जाऊन बसली आणि तोंडाला पदर लावून रडू लागली. भाचा धावला. मी हातानेच त्याला थांबवले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आई मंगळागौरीला माझ्याशी खेळायची. मला भीती वाटायची मागे झोकायची. म्हणायची, भिऊ नको गं, मी धरलंय." एरवी मी अशा वेळी काहीतरी समजुतीचे बोललो असतो. त्या दिवशी पाणी आणून दिले आणि शेजारी बसलो.

बसल्या बसल्या भाच्याने फ्रँकी मॅनिंगची हकिगत सांगितली. सॅव्हॉयच्या त्या कोपऱ्यातला हा अव्वल नाच्या. १९३५ च्या एका चढाओढीत जोडीदारणीला पाठीवरून हवेत फिरवून त्याने साऱ्यांना थक्क केले होते. पुढे महायुद्ध झाले, चाल बदलली, मोठे बँड मोडले. फ्रँकीने १९५५ पासून सुमारे तीस वर्षे टपालखात्यात नोकरी केली. टपाल लावणारा हा गृहस्थ एके काळी काय होता ते कितीजणांना ठाऊक असेल! १९८० नंतर जुन्या चित्रपटांत हा नाच पाहून वेडावलेली स्वीडन आणि कॅलिफोर्नियातली तरुण मंडळी त्याला शोधीत आली. सत्तरी गाठलेला फ्रँकी पुन्हा उभा राहिला आणि जगभर शिकवीत हिंडला. सॅव्हॉयच्या जागेवरचा फलक २६ मे २००२ रोजी बसवला, त्या दिवशी तो अठ्ठ्याऐंशी वर्षांचा झाला. वाढदिवसाला वयाचा आकडा असेल तेवढ्या स्त्रियांबरोबर, एकीमागून एक, नाचायची त्याची रीत होती. २००९ च्या एप्रिलात तो गेला, पंच्याण्णवा वाढदिवस महिन्यावर आला असताना.

"तेव्हा त्याला कुणी धरलं होतं, मधली तीस वर्षं?" हिने विचारले. भाच्याजवळ उत्तर नव्हते.

तेवढ्यात मघाच्या त्या बाई समोर आल्या. मला वाटले माझी सुटका नाही. पण त्यांनी हात पुढे केला तो हिच्यापुढे. "मी नेते," त्या म्हणाल्या. ही क्षणभर माझ्याकडे वळली आणि मग परवानगीची वाट न पाहता उठली. साडी, खाली भाचीचे कापडी बूट, अशी माझी पत्नी त्या गर्दीत शिरली आणि दिसेनाशी झाली.

मी एकटा उरलो. शेवटचे गाणे वेगाचे होते. जोडीदार नसेल तर एकट्यानेही पाय हलवायला इथे मुभा असते. मला येत होती ती एकच चाल, लहानपणी मिरवणुकीत शिकलेली, भगवानदादांची. एक हात वर, खांदे सैल, पाय जागच्या जागी. दोन मात्रा केली आणि लाजून थांबणार, तो शेजारच्या दोन्ही जपानी मुली तीच चाल माझ्यामागून करू लागल्या. त्यांना ती सॅव्हॉयचीच वाटली असावी. मीही खुलासा केला नाही.

रात्री एडिसनच्या गाडीत ही बूट काढून खिडकीशी बसली होती. भाच्याने विचारले, "मामी, पुढच्या गुरुवारी?"

"येईन की," ती म्हणाली. "पण नेणाऱ्यांच्या रांगेत मी उभी राहणार. यांना समोर घाल. यांना मागे झोकायला अजून भीती वाटते."