कर्कवृत्ताच्या खाली

दिल्लीचा अक्षांश 28.6 अंश उत्तर आणि कर्कवृत्ताचा 23.5. सारा महाराष्ट्र या वृत्ताच्या दक्षिणेला येतो, गोवाही येतो. तेव्हा पहाडगंज, करोल बाग, नोएडा किंवा गुरुग्राम इथे स्थिरावलेले मराठी कुटुंब ज्याला हल्ली ‘ट्रॉपिकल हॉलिडे’ म्हणते, ते भूगोलाच्या हिशेबाने निम्मे गावी जाणेच असते. त्याच हिशेबाने अकोल्याची मावशीही उष्णकटिबंधातच राहते. पण मे महिन्यात तिच्याकडे जाण्याला कोणी हॉलिडे म्हणत नाही. लोकांच्या मनातला उष्णकटिबंध म्हणजे समुद्र, माडांची रांग, दमट वारा आणि केळीच्या पानावरचा भात. पंचेचाळिशी-पन्नाशीतल्या दिल्लीकर मराठी माणसाला या प्रदेशाची जी ओढ लागते, तिच्यात नवलाईपेक्षा ओळखीचा भाग मोठा असतो, आणि ती ओळख बहुतांशी जिभेची असते.

दिल्लीतली मराठी वस्ती एकसाची नाही. करोल बागेत सोने-चांदी गाळणारे गलाई व्यावसायिक सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडचे. त्यांची सुट्टी गावच्या जत्रेला बांधलेली. पहाडगंजात बृहन्महाराष्ट्र भवन आणि नूतन मराठी शाळा यांच्या आसऱ्याने राहिलेली जुनी नोकरदार कुटुंबे आहेत. नोएडा-गुरुग्रामच्या उंच सोसायट्यांत अलीकडच्या पंचवीसएक वर्षांत संगणक आणि व्यवस्थापनाच्या नोकऱ्यांमुळे आलेला वर्ग आहे. त्यातल्या बऱ्याच घरांत सून पंजाबी नाहीतर जावई बंगाली असतो आणि पोळीबरोबर राजमा खाल्ला जातो. या सगळ्यांत प्रत्यक्ष समुद्राकाठी जन्मलेले थोडेच. तरी खोबरे, आमसूल आणि भात यांची आठवण देशावरच्या घरालाही असतेच.

आधीच्या पिढीचा प्रवास आगगाडीचा आणि बहुधा एलटीसीवरचा. केंद्र सरकारी नोकराला चार वर्षांच्या गटात दोनदा ही रजा-प्रवास सवलत मिळते, त्यात एकदा स्वगावाऐवजी देशात कुठेही जाता येते. हजरत निजामुद्दीनहून सुटणारी मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस भुसावळ, कल्याण, पनवेल करत कोकण रेल्वेला लागते. गोवा एक्स्प्रेस पुणे, मिरज, बेळगाववरून येऊन दूधसागराशेजारचा घाट उतरते. कोकण रेल्वे 26 जानेवारी 1998 रोजी पूर्ण मार्गावर सुरू झाली. त्याआधी दिल्लीहून रत्नागिरीला जायचे म्हणजे मुंबईला उतरून पुढे एसटीची रात्र काढायची.

विदिशा मागे पडल्यावर, भोपाळ यायच्या आधी, गाडी कर्कवृत्त ओलांडते. डब्यात कुणाचे तिकडे लक्ष नसते. शिदोरी उघडलेली असते. या शिदोरीचा क्रम ठरलेला होता. पहिल्या दिवशी तिखटमिठाच्या पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी, कारण भाजी दुसऱ्या दिवसावर टाकता येत नाही. मग दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, ज्या मऊ राहतात. लसणाची कोरडी चटणी शेवटपर्यंत पुरते. आग्र्याला पेठा आणि भुसावळला केळी ही बाहेरची भर. चाळीस तासांच्या आसपासच्या या प्रवासात मुलांना अधूनमधून कंटाळा येई आणि मोठ्यांना झोप. पण उत्तरेचा कोरडा प्रदेश हळूहळू ओलसर होत जाताना दिसे. गव्हाची शेते संपून कपाशी लागे, मग केळीच्या बागा, आणि पनवेलनंतर लाल मातीत भाताची खाचरे.

मध्यमवयात हे गणित बदलते. हातात थोडा पैसा आलेला असतो, साठलेली रजा असते, पण सलग दहा दिवस मिळत नाहीत. आईवडिलांचे गुडघे वरच्या बर्थवर चढू देत नाहीत. घरात कुणीतरी दहावीला किंवा बारावीला असते, आणि सीबीएसईच्या परीक्षेचे वर्ष म्हणजे घरातल्या सगळ्यांच्याच पायात बेडी. दोन मुले असली आणि त्यांच्यात दोन वर्षांचे अंतर असले, तर सलग काही वर्षे प्रवासाचा विषयच निघत नाही. म्हणून धाकट्याची बारावी संपली की जी पहिली सहल निघते तिला जरा उधळपट्टीचा वास येतो. 2023च्या जानेवारीत गोव्याच्या मोपा विमानतळावर प्रवासी विमाने उतरू लागली आणि वेंगुर्ला, शिरोडा, सावंतवाडी ही गावे दिल्लीकराला दुपारच्या जेवणाआधी गाठता येऊ लागली. शिदोरी तेवढी संपली. तिची जागा कपात गरम पाणी ओतून होणाऱ्या उपम्याने घेतली आहे, आणि त्याबद्दल फार बोलण्यासारखे काही नाही.

कधी जायचे, हा प्रश्न मात्र विमानानेही सुटलेला नाही. दिल्लीच्या शाळांची मोठी सुट्टी मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत असते. मोसमी पाऊस केरळात 1 जूनच्या सुमारास आणि त्यानंतर आठ-दहा दिवसांत दक्षिण कोकण-मुंबईकडे येतो. दिल्लीला तो जूनच्या शेवटी पोचतो. म्हणजे दिल्लीकराला सुट्टी असते तेव्हा किनाऱ्यावर समुद्र खवळलेला. शिवाय महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, कारण हा माशांच्या विणीचा काळ. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मोठ्या हौसेने मालवणला पोचलेल्या कुटुंबाला ताटात सुरमई दिसली, तर ती बर्फातली असण्याची शक्यता जास्त. त्या दिवसांत जाणता माणूस खाडीचा मासा, सुकट किंवा सरळ काळ्या वाटाण्याची आमटी मागतो. डिसेंबर-जानेवारी सर्वांत उत्तम. दिल्लीत पारा चार-पाच अंशांवर, हवेत धूर, म्हाताऱ्यांची सांधेदुखी जोरात. आणि तिकडे किनाऱ्यावर दुपारी तीस अंश. ही सहल हौसेची की औषधाची, हे घरातली ज्येष्ठ मंडळी सांगत नाहीत.

ओढ कशी तयार होते हे समजायला दिल्लीतला नारळ पाहावा. हिवाळ्याच्या कडाक्यात माड तिथे तग धरत नाही, त्यामुळे प्रत्येक नारळ दक्षिणेतून ट्रकने आलेला. आयएनए मार्केटात केरळी दुकानांच्या ओळीत तो मिळतो. मराठी गिऱ्हाईक तो कानाशी धरून हलवते, पाण्याचा आवाज ऐकते, तीन डोळ्यांवर अंगठा फिरवून ओल किंवा बुरशी नाही ना बघते. एवढे करूनही घरी फोडल्यावर खवट निघू शकतोच, आणि मग गणपतीच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा धावपळ. हल्ली गोठवलेला चव आणि पुडीतले नारळाचे दूध मिळते. त्याची सोलकढी दिसायला देखणी होते, पण सपक लागते. ताज्या खोबऱ्याच्या पहिल्या दुधाचा दाटपणा आणि दुसऱ्या दुधाचा पातळ गोडवा पुडीत येत नाही. माशांचेही तसेच. चित्तरंजन पार्कच्या बाजारात रोहू, कातला, इलिश उत्तम. पण ते बंगालचे सुख. तिरफळे घातलेल्या बांगड्याच्या कढीला खाऱ्या पाण्यातला बांगडाच लागतो.

राजधानीला एक सोय आहे जी इतर शहरांना नाही. केरळ हाउसच्या कॅन्टीनमध्ये भात आणि मोरू करी, आंध्र भवनात गोंगुरा, कस्तुरबा गांधी मार्गावर 2013 साली सुरू झालेल्या नव्या महाराष्ट्र सदनात थाळी. रविवारी दुपारी तिथल्या रांगांत उभी राहणारी मध्यमवयीन जोडपी मेट्रोच्या तिकिटात प्रवासाची तहान भागवून घेत असतात.

प्रत्यक्ष किनाऱ्यावर काय होते ते शिरवाळ्यांच्या न्याहारीत नीट दिसते. सिंधुदुर्गात घरगुती निवासाची सोय करणाऱ्या बायका पाहुण्यांनी विचारले तर हा पदार्थ करतात. आपणहून कमी करतात, कारण खटाटोप मोठा. तांदळाच्या पिठाची उकड काढून तिचे मुठीएवढे गोळे पुन्हा उकळत्या पाण्यात शिजवायचे, आणि वाफ जायच्या आत लाकडी साच्यात घालून दाबायचे. एकट्याचे हे काम नव्हे. एकाने साचा धरायचा, दुसऱ्याने सगळे वजन टाकून दांडा खाली आणायचा, आणि खालच्या केळीच्या पानावर पांढऱ्या शेवयांचा गुंता उतरत जातो. नारळाच्या दुधात गूळ आणि वेलची घालून केलेल्या रसाबरोबर ते खातात. दिल्लीहून आलेल्या आजी पहिल्या घासाला गप्प होतात आणि दुसऱ्या घासाला गूळ कमी असल्याचे सांगतात. नात त्याला नूडल्स म्हणते, फोटो काढते आणि तिसऱ्यांदा वाढून घेते. मधली पिढी साच्याचा दांडा दाबायला उठते, खांदा आखडलेला आहे हे तेव्हा तिच्या लक्षात येते. तीन पिढ्यांना एकाच ताटात आपापले काही सापडण्याचे प्रसंग शहरातल्या घरात फार येत नाहीत. तिथे एकाला पथ्य, एकाला पिझ्झा आणि एकाला रात्री साडेनऊपर्यंत मीटिंग असते.

सरकारी कुटुंबांना अंदमानही जवळचे वाटते, कारण एलटीसीच्या खास सवलतीत तिथे विमानाने जाता येते. मराठी ज्येष्ठांना सेल्युलर जेलमध्ये सावरकरांची कोठडी पाहायची असते, तरुणांना स्वराज द्वीपावरचा राधानगर किनारा. गंमत घड्याळाची. वेळ भारतीय प्रमाणवेळच, पण बेटे इतक्या पूर्वेला की जानेवारीत दिल्लीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, तर तिथे पावणेसहाला. पहाटे पाचला उठून चहाची वाट पाहणाऱ्या आजोबांचे दिनमान अखेर जगाशी जुळते. कॉलेजातल्या नातवाची मात्र सुट्टी वाया गेलेली असते.

परदेशी उष्णकटिबंधाची वाट मराठी वाचकाला पु. ल. देशपांडे यांनी दाखवली. आग्नेय आशिया आणि जपानच्या प्रवासावरचे ‘पूर्वरंग’ 1963 साली आले तेव्हा ते चव्वेचाळिशीच्या आतबाहेर होते, आणि त्याआधी काही काळ दिल्लीतच दूरदर्शनच्या उभारणीच्या कामात होते. पुढे 1984 साली सुरू झालेल्या ‘केसरी’ आणि 2013 साली निघालेल्या ‘वीणा वर्ल्ड’ या सहल कंपन्यांनी मध्यमवयीन मराठी मंडळींना परदेशातही ओळखीच्या चवीचे जेवण मिळेल असा दिलासा दिला. 2023च्या नोव्हेंबरात थायलंडने आणि डिसेंबरात मलेशियाने भारतीय पर्यटकांना व्हिसाची अट काढली, तेव्हा दिल्लीहून बँकॉक हा चार दिवसांचा बेत झाला.

पिठले-भाताचा हट्ट टिंगलीचा विषय होतो, आणि थोडा व्हावाही. कारण ज्याने कोकणी जेवण जेवले आहे त्याला या देशांत परके वाटण्याचे कारण नाही. श्रीलंकेत न्याहारीला मिळणारे इडिअप्पम हे शिरवाळ्यांचेच भावंड. इंडोनेशियातला क्लेपोन म्हणजे तांदळाच्या पिठाची हिरवी गोळी, आत ताडाचा गूळ भरलेली आणि बाहेरून ओल्या खोबऱ्यात घोळवलेली. उकडीचा मोदक उलटा केला तर जे होईल ते हेच. एकदम चावू नये, आतला पाक उडतो. बँकॉकच्या बाजारात जांभळट सालीचे मँगोस्टीन मिळते, ते आपल्या कोकमाच्याच गार्सिनिया वंशातले. फोडले की पांढऱ्या पाकळ्या. रांबुतान लिचीचे नातलग, त्यामुळे मुझफ्फरपूरच्या लिचीवर वाढलेल्या दिल्लीकर मुलांना ते चटकन आवडते. थाई लोक चिकट भात, नारळाचे दूध आणि आंबा एकत्र वाढतात, आणि नारळीभात माहीत असलेल्या बाईला त्याची कृती विचारावी लागत नाही.

या वयात खाण्याची रीतही बदललेली असते, हे कबूल करायला हवे. साखर तपासलेली असते, आम्लपित्ताची गोळी पर्समध्ये असते, दोन्ही पिढ्यांच्या औषधांचे डबे मधल्या पिढीच्याच पिशवीत असतात. तळलेले मासे दोन तुकड्यांवर थांबतात. पण पंचविशीत जे एका दिवसात चार किनारे उरकायचे असत, ते आता एकाच किनाऱ्यावर चार दिवस राहून होते, आणि दुपारी जेवण झाल्यावर पंख्याखाली आडवे होणे हा कार्यक्रमाचा भाग ठरतो. वेळापत्रक सैल झाल्याने बाजारात जायला वेळ मिळतो. होडी लागल्यावर मासळीचा लिलाव कसा चालतो ते पाहता येते, कोळणीशी घासाघीस करता येते, आणि कल्ले लाल आहेत का ते मुलांना दाखवता येते. घासाघीस बहुधा हरलेलीच असते.

परतीच्या सामानात आमसुलांची पिशवी, आगळाची बाटली, तिरफळे, कुळथाचे पीठ आणि कधी हापूसची पेटी असते. आगळाची बाटली चेक-इनच्या बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेवावी लागते. झाकणाला टेप लावली नाही तर पांढरा सदरा कायमचा कोकमी होतो. सुके खोबरे मात्र विमानात चालत नाही, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेण्याची भीती असते. हापूस मेअखेर संपतो आणि त्यानंतर दिल्लीत दशहरी, लंगडा, चौसा असा ऑगस्टपर्यंत चालणारा दुसरा हंगाम सुरू होतो. दिल्लीकर मराठी माणसाच्या वाट्याला आंब्याचे दोन ऋतू येतात आणि तो दोन्हीकडे दुसऱ्याची स्तुती करतो. सुकट आणली असेल तर ती चार पिशव्यांत बांधून फ्रिजच्या तळाशी जाते. ती भाजायची तर शेजारी बाहेरगावी गेले आहेत याची खात्री करून, खिडक्या उघडून आणि लिफ्टकडचे दार नीट लावून भाजतात.