पंचनाम्यात मूर्तीला रकाना नव्हता

ऑगस्ट २०१९ चा महापूर ओसरला आणि कोल्हापुरात पंचनामे सुरू झाले. बापट कॅम्पच्या कुंभार वसाहतीत, माझ्या मावसभावाच्या दारात एक कर्मचारी छापील फॉर्म घेऊन उभा राहिला. भिंत पडली का, भांडीकुंडी किती गेली, फ्रीज-टीव्ही होता का, सगळं विचारून झालं. दादानं शेडकडं बोट केलं. आत घोटाभर गाळात गणपतीच्या मूर्ती होत्या, काही आडव्या, काही एकमेकींवर रेललेल्या. कर्मचाऱ्यानं विचारलं, "हे घरसामानात लिहू की दुकानात? दुकान म्हणायचं तर परवाना लागेल. माल खरेदीच्या पावत्या लागतील."

दादा म्हणाला, "सायेब, ह्ये खरेदी केल्यालं न्हाई. हातानं केलंय."

हा संवाद इतक्या वर्षांनीही मला गिळवत नाही. तो माणूस उर्मट नव्हता, उलट गाळात उतरून आला होता. पण त्याच्या हातातल्या कागदावर आठ महिन्यांच्या कष्टाला जागाच नव्हती.

बाकीची हकिकत कोल्हापूरकरांना पाठ आहे. पंचगंगा नदीच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. पावसाळ्यात इथं माणसं एकमेकांना पाऊस किती पडला हे विचारत नाहीत, "बंधाऱ्यावर किती?" असं विचारतात. त्या साली पंचगंगा ५५ फुटांच्या पुढं गेली. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, उपसा केंद्रं बुडाली आणि शहराला वेढा घालून बसलेल्या पाण्यात नळ मात्र कोरडे पडले. चिखली, आंबेवाडी, शिरोळ तालुका, सगळीकडं बोटी फिरत होत्या. ज्यांची माणसं आणि जनावरं गेली त्यांच्यापुढं मूर्तींचं दुःख बोलायचं तरी कसं, अशा संकोचात वसाहतीतली माणसं बरेच दिवस गप्पच राहिली.

पण ते दुःख नेमकं काय होतं ते सांगायला हवं, कारण ते फारसं कुणी सांगितलं नाही. गणपतीचं काम दिवाळीनंतर सुरू होतं. प्लास्टर, काथ्या, रंग व्यापाऱ्याकडून उधारीवर येतात. मंडळांचा ॲडव्हान्स येतो, तो लगेच मालात जिरतो. उन्हाळ्यात साच्यातून मूर्ती निघतात, वाळतात, जुलैत रंगकाम जोरात येतं आणि डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, घरातला ज्याचा हात स्थिर तो करतो. दादाच्या घरी ते काम वहिनींचं. म्हणजे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कुंभाराच्या घरी पैसा शून्य असतो आणि सगळं वर्ष फळ्यांवर मांडलेलं असतं. पूर नेमका तेव्हा आला.

शाडूची मूर्ती पाण्यात विरघळते, तिचा निकाल तरी लागतो. प्लास्टरची मूर्ती फसवते. ती पाणी पिते, आतून भुसभुशीत होते, रंग फुगून पापुद्रे सुटतात. बाहेरून धड दिसणारी मूर्ती दादा उचलायला जाई आणि नुसता हात त्याच्या हातात येई. आणि ही काही विटकरं नव्हेत, की ट्रॉलीत भरून टाकून द्यावीत. ज्यांचे डोळे आखून झाले होते त्या मूर्ती वहिनींनी वेगळ्या काढायला लावल्या. तालमीची पोरं आली, त्यांनी त्या पोत्यांत न कोंबता हातावर घेऊन खणीत नेल्या. प्राणप्रतिष्ठा झालेली नसताना विसर्जन झालं. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत जयंती नाल्याचं पाणी फुगून शिरलं होतं, तिथंही अशीच अवकळा होती.

चतुर्थी २ सप्टेंबरला होती. पाणी उतरून शेडमधला गाळ निघेपर्यंत हातात जेमतेम दोन आठवडे उरले.

त्या दिवसांत वर्तमानपत्रांत कोल्हापूरच्या जिद्दीबद्दल भरभरून छापून येत होतं. मला ते वाचवत नव्हतं. बुडालेल्या माणसाच्या धीराचं कौतुक केलं की त्याला काय हवंय हे विचारायची जबाबदारी टळते, असं माझं मत झालं होतं. मदतीच्या गाड्या महाराष्ट्रभरातून येत होत्या, त्या माणसांचे उपकार विसरता येणार नाहीत. तरीही वसाहतीत जुन्या साड्यांचे आणि बिस्किटांच्या पुड्यांचे ढीग लागले आणि दादाला हवे होते ब्रश, प्लास्टरची पोती आणि मूर्ती वाळवायला वीज. मदत करणाऱ्यांनी एवढं तरी करावं: जाण्याआधी समोरच्याचा धंदा कोणता, हे विचारावं.

वीज रात्री यायची. हॅलोजनचे दिवे आणि पंखे लावून, दमट हवेत, घर झोपायचं सोडून मूर्ती वाळवत बसलं. गडहिंग्लजच्या पाहुण्यांनी आपल्याकडच्या कच्च्या मूर्ती टेम्पोत भरून पाठवल्या, "पैशाचं दिवाळीनंतर बघू" म्हणाले. उधारीवाल्या व्यापाऱ्यानं जुनी बाकी तशीच ठेवून नवे रंग दिले. एका मंडळाची पोरं येऊन सांगून गेली, "दादा, ॲडव्हान्स परत मागायला आलो न्हाई. जी असंल ती मूर्ती द्या. लहान असली तरी चालंल." त्या वर्षी अनेक मंडळांनी मांडव, रोषणाई आवरती घेऊन पैसा पूरग्रस्तांकडं वळवला होता. दुसरीकडं, नेहमीच्याच एका सुखवस्तू घरानं ॲडव्हान्स त्याच आठवड्यात परत मागितला आणि दादानं तो उसना घेऊन दिला. त्या घराचं नाव तो आजही काढत नाही. मला ते अजून सलतं.

चतुर्थीच्या आदल्या रात्री मी तिथं होतो. शेडच्या भिंतीवर पुराची रेघ माझ्या डोक्याच्या वर दिसत होती आणि खाली वहिनी कंदिलाइतक्या उजेडात डोळे आखत होत्या. "एवढ्या कशाला? थोड्याच बसू देत," मी म्हणालो. त्यांनी वर न बघता उत्तर दिलं, "लोकांच्या घरात बसायचं थांबणार हाय व्हय?" नेहमीच्या मानानं फार थोड्या मूर्ती गेल्या. पण गेल्या. ज्या जिद्दीच्या बातम्यांवर मी चिडत होतो, तीच गोष्ट डोळ्यांपुढं घडत होती आणि मला तिचं कौतुक वाटल्यावाचून राहिलं नाही. दोन्ही मतं अजून माझ्यात सुखानं नांदत नाहीत.

मदतीचं म्हणाल तर सरकारनं शहरातल्या पूरग्रस्त कुटुंबाला १५ हजार, ग्रामीण भागात १० हजार रुपये जाहीर केले आणि छोट्या व्यावसायिकांना नुकसानीच्या ७५ टक्के, जास्तीत जास्त ५० हजार. दादा व्यावसायिक की नुसता घरमालक, हे ठरण्यात दिवाळी उलटली. शेवटी काही रक्कम आली. ती उधारीत गेली.

मग जुलै २०२१. करोनामुळं मंडळांच्या मूर्तीला ४ फूट आणि घरगुती मूर्तीला २ फूट अशी उंचीची मर्यादा, गिऱ्हाईक आधीच बिथरलेलं, आणि पंचगंगा ५६ फुटांच्या वर. दोन वर्षांपूर्वीची रेघही बुडाली. फरक एवढाच, की या खेपेला घरानं बंधाऱ्यावरचे फूट-इंच ऐकत बसण्यात वेळ घालवला नाही. गल्लीतल्या पोरांनी साखळी करून रातोरात मूर्ती वरच्या मजल्यावर आणि ओळखीच्या एका हॉलमध्ये हलवल्या. साचे खाली राहिले, ते गेले. पण चतुर्थी १० सप्टेंबरला होती. हातात जास्त दिवस होते आणि बऱ्याच मूर्ती शाबूत होत्या. २०१९ मध्ये रडलेला दादा त्या वर्षी चिखल काढताना शिव्या देत होता. मला ते सुधारल्याचं लक्षण वाटलं.

मी तेव्हाही म्हटलं होतं आणि अजून म्हणतो, की ही जागा सोडा. नदीची जागा आहे ती. यावर मावशी म्हणते, "गिऱ्हाईक हितंच येतं. डोंगरावर गणपती घ्यायला कोण येणार?" मावशीचं म्हणणं खोडता येत नाही आणि पटतही नाही. कुंभारांना शहराच्या उंच भागात, हमरस्त्यालगत, शेडसकट जागा मिळाली तर हा वाद एका दिवसात मिटेल असं मला वाटतं.

तोवर दादाच्या थोरल्या मुलानं उद्यम नोंदणी करून घेतली आहे. मूर्ती साच्यातून निघाली की शेजारी टेप धरून तो मोबाईलवर फोटो काढतो, नंबर टाकतो, वहीत उतरवतो. पुन्हा कुणी पावती मागितली तर दाखवायला. शेडचा चौथरा वाढवला, आत लोखंडी माळा टाकला. तो माळाही पुरेल असं त्याला वाटत नाही. जून लागला की रंगवायचा माल वरच्या बाजूला भाड्याच्या हॉलमध्ये न्यावा, असं तो म्हणतो. दोन-अडीच महिन्यांचं भाडं मूर्तीमागं किती पडतं आणि गिऱ्हाईक तेवढं वाढवून देईल का, यावर सध्या त्या घरात रोज जेवताना वाद चालतो.